पळायला सुरुवात करताय? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतापर्यंत ज्यांचं धावणं सुटणारी लोकल पकडण्यापुरतंच होतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. इथे दिलेला कार्यक्रम बारा आठवड्यांचा आहे. आठवड्यातले तीन दिवस, दर वेळी सुमारे पाऊण तास. शेवटी न थांबता ३० मिनिटं पळता यावं, एवढंच ध्येय आहे. या बारा आठवड्यांत अंतर मोजायचं नाही आणि वेग तर अजिबात नाही.

मला दोन मिनिटंही पळता येत नाही, छाती फुटेल असं वाटतं. माझ्यात काही कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही जास्त वेगाने पळताय. पळणं म्हटलं की आपल्याला शाळेच्या मैदानावरची शंभर मीटरची शर्यत आठवते आणि पाय आपोआप तोच वेग धरतात. तो वेग कसलेल्या धावपटूलाही मिनिटभराच्या वर झेपत नाही. धाप लागली, थांबलो, "आपल्याला जमणार नाही" म्हणून घरी गेलो, असंच बहुतेकांचं होतं. वेग निम्म्यावर आणा. त्याच छातीने, त्याच पायांनी दोन मिनिटं निघतील.

दुसरी गोष्ट समजून घेतली की पुढचा सगळा कार्यक्रम आपोआप कळतो. दम तीन-चार आठवड्यांत वाढतो. हाडं, स्नायूबंध आणि सांध्यांभोवतीच्या ऊती मात्र घट्ट व्हायला काही महिने घेतात. म्हणजे महिन्याभराने छाती म्हणते "चल अजून", तेव्हा नडगी अजून तयार नसते. नव्या लोकांच्या बहुतेक दुखापती याच फटीत होतात. खालचं वेळापत्रक मुद्दाम हळू ठेवलंय ते पायांसाठी.

हळू म्हणजे नेमकं किती हळू?

पळता पळता एक अख्खं वाक्य मोठ्याने म्हणून बघा: "घरी जाताना अर्धा लिटर दूध आणि कोथिंबिरीची एक जुडी घ्यायची आहे." एका दमात वाक्य पूर्ण झालं तर वेग बरोबर आहे. "दूध आणि" इथेच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवला तरी चालेल.

सुरुवातीला बहुतेकांचा हा वेग किलोमीटरला आठ ते साडेनऊ मिनिटं निघतो. झपाझप चालणारे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या. पावलं छोटी आणि भरभर टाका, पाय शरीराच्या खालीच पडू दे. लांब ढांग टाकली की टाच पुढे जाऊन आपटते आणि तो दणका थेट गुडघ्यात जातो. आवाजाकडे कान द्या. थप-थप ऐकू येत असेल तर पाऊल अजून आखूड करा. खांदे कानांपासून खाली, मुठी सैल. श्वास नाकानेच घ्यायचा असा काही नियम नाही, नाक आणि तोंड दोन्ही वापरा.

आधी डॉक्टरांना दाखवायला हवं का?

वय चाळीसच्या पुढे असून बरीच वर्षं काहीच व्यायाम झाला नसेल, रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, जिना चढताना छातीत दाब येत असेल किंवा कधी भोवळ आली असेल, तर हो, आधी दाखवा. त्यांना "मला पळायला सुरुवात करायची आहे" असं स्पष्ट सांगा. नुसतं "चेकअप करायचंय" म्हटलं तर हा मुद्दा निघणारच नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पळण्याआधी साखर तपासा. ती किती असेल तर आधी खायचं आणि किती असेल तर त्या दिवशी पळायचं नाही, हे आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायचीच. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. अशा वेळी घड्याळावरचा नाडीचा आकडा उपयोगाचा नाही, वाक्याची कसोटीच वापरा.

पळताना छातीत दाब किंवा वेदना, हातात-जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा, कुणाला तरी हाक मारा आणि १०८ ला फोन लावा. "गॅस असेल" म्हणून फेरी पूर्ण करायची नाही.

माझं वजन बरंच जास्त आहे. मी पळू शकतो का?

पळू शकता, पण सुरुवात चालण्यापासून करा. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. म्हणून पहिले चार आठवडे आठवड्यातून चार-पाच दिवस ३० मिनिटं झपझप चालायचं. त्या चालीने गुडघा आणि टाच दुसऱ्या दिवशी कुरकुरत नसतील तर पहिल्या आठवड्याला हात घाला. वजन जास्त नसलं तरी ज्यांना अर्धा तास सलग चालायची सवय नाही, त्यांनीही हाच रस्ता धरावा. हे चार आठवडे वाया जात नाहीत. पुढचे बारा त्यांच्यावरच उभे राहतात.

बारा आठवड्यांचा कार्यक्रम सांगा.

दर वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालायचं आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश. मधला भाग असा:

पहिला आठवडा: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा.
दुसरा: १ मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, १० वेळा.
तिसरा: २ मिनिटं पळणं, २ चालणं, ६ वेळा.
चौथा: ३ पळणं, २ चालणं, ५ वेळा.
पाचवा: ४ पळणं, २ चालणं, ४ वेळा.
सहावा: ५ पळणं, २ चालणं, ४ वेळा.
सातवा: ८ पळणं, २ चालणं, ३ वेळा.
आठवा: १० पळणं, २ चालणं, पुन्हा १० पळणं, २ चालणं, मग ५ पळणं.
नववा: १५ पळणं, २ चालणं, १२ पळणं.
दहावा: २० पळणं, २ चालणं, ८ पळणं.
अकरावा: २५ मिनिटं सलग.
बारावा: ३० मिनिटं सलग.

चालण्याच्या मिनिटांत खरोखर चाला. उभं राहू नका, वाकून गुडघ्यांवर हात टेकू नका. मिनिटं मोजायला फोनमध्ये इंटरव्हल टायमरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, म्हणजे दर वेळी स्क्रीन बघावी लागत नाही.

बरेच जण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या दरम्यान सोडून देतात. पहिले दोन आठवडे सोपे गेलेले असतात, अंगात उत्साह असतो, मग दोन मिनिटांऐवजी पाच पळून बघितली जातात. तिसऱ्या दिवशी नडगी दुखते आणि शूज कपाटात जातात. सोपं वाटतंय तेव्हाही आकडा पाळणं, ही या कार्यक्रमातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

एखादा आठवडा जमलाच नाही तर?

तोच आठवडा पुन्हा करा, हवा तर तीनदा. बारा आठवड्यांचे सोळा झाले तरी पायांचं त्यात भलंच आहे. आजारपण, गावची जत्रा, लग्नघर, ऑफिसमधलं ऑडिट यांमुळे एक आठवडा पूर्ण बुडाला तर आधीचा आठवडा परत करा. दोन-तीन आठवडे बुडाले तर दोन-तीन आठवडे मागे या. महिन्याहून जास्त खंड पडला तर पहिल्यापासून, पण तेव्हा प्रगती पहिल्यापेक्षा लवकर होते. तापात पळायचं नाही. डेंग्यू, मलेरिया किंवा चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत फक्त चाला.

रोज पळलं तर लवकर जमेल ना?

नाही. पळताना हाडांवर आणि स्नायूंवर ताण येतो, आणि ती मजबूत होतात ती मधल्या विश्रांतीत. मंगळवार, गुरुवार, रविवार असे दिवस धरा. मधल्या दिवसांत चाला, सायकल चालवा, पोहायला जा. आठवडाभराचं एकदम रविवारी उरकणं हा दुखापतीचा हमखास मार्ग आहे.

शूज कोणते घ्यावेत? किती खर्च करावा?

या छंदात पैसे खर्च करण्यासारखी ही एकच वस्तू आहे. रोजच्या वापराचे स्नीकर्स, कॅनव्हास किंवा क्रिकेटचे बूट नकोत. धावण्यासाठीच बनवलेले शूज घ्या. साधारण अडीच ते पाच हजार रुपयांत नवशिक्याला पुरेसे चांगले मिळतात. त्याहून महागड्या जोडीने पहिल्या वर्षी काही वेगळं घडत नाही.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि पळतानाही सुजतात. पळताना घालणार तेच मोजे घेऊन जा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. म्हणजे नेहमीच्या चपलेपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. पुढे बोटं पसरता आली पाहिजेत आणि मागे टाच वर सरकता कामा नये. दुकानातच थोडं पळून बघा. दुकानात टोचतं ते "वापरून सैल होईल" म्हणून घ्यायचं नाही. जागा कमी पडली की अंगठ्याचं नख काळं पडतं.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळवा बसतो. वरून शूज नवे दिसत असले तरी आतला फोम चपटा झालेला असतो. विनाकारण नडगी किंवा गुडघा कुरकुरायला लागला की आधी शूजचं वय आठवा.

कपड्यांचं काय?

सुती टी-शर्ट आपल्या घामट हवेत दहा मिनिटांत ओला होऊन अंगाला चिकटतो, जड होतो आणि घासतो. पॉलिएस्टरचा साधा ड्राय-फिट टी-शर्ट घ्या. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत आणि स्तनाग्रांवर पळण्याआधी पेट्रोलियम जेली लावा. नाहीतर अंघोळीचं पाणी पडताच आग होते. मांड्या घासत असतील तर आतून घट्ट सायकलिंग शॉर्ट्स हा पक्का इलाज. बायकांनी जास्त आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. खरेदी करताना दुकानातच दोन-चार उड्या मारून बघा. ट्रॅकपँट आणि लांब टॉप किंवा सलवार-कमीजवरही उत्तम पळता येतं, फक्त ओढणी घरी ठेवा आणि सलवारीचा घेर पायात येणार नाही एवढं बघा.

ठाण्यात कुठे पळावं?

उपवन तलावाचा परिसर, पाचपाखाडीतला कचराळी तलाव आणि तलावपाळी या नेहमीच्या जागा. कचराळीची फेरी छोटी आहे. नव्या माणसाला तेच सोयीचं. घरापासून, पाण्यापासून आणि बाकापासून आपण कधीच लांब जात नाही. छोट्या फेरीत एक काळजी घ्या: गर्दी आणि रिवाज परवानगी देत असतील तर दिवसाआड दिशा बदला. सतत एकाच बाजूला वळल्याने एका पायावर जास्त ताण येतो. सोसायटीत पार्किंगभोवती फेऱ्या मारणाऱ्यांना तर हे फारच लागू आहे.

येऊरचा रस्ता सगळ्यांनाच खुणावतो, पण पहिले बारा आठवडे तिकडे फक्त चालायला जा. चढावर वाक्याची कसोटी कुणालाच पास होत नाही आणि उतारावर गुडघ्यांची खरी परीक्षा होते. शिवाय हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर असतो. अंधारात एकट्याने जायचं नाही. घोडबंदर रोडच्या कडेने पळणं टाळा. अवजड वाहनं, धूळ आणि मध्येच संपणारे फूटपाथ यात लय लागत नाही. आतल्या वसाहतींचे रस्ते त्यापेक्षा कितीतरी बरे.

आणि नवी मुंबईत?

इथे जागेची चंगळ आहे. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं मिनी सीशोर, खारघरचं सेंट्रल पार्क. शिवाय सेक्टरांच्या आतले झाडीचे सपाट रस्ते आहेतच. हंगामात नेरूळच्या बाजूला फ्लेमिंगोही दिसतात. ते बघायला थांबलात तर घड्याळही थांबवा आणि मग पुढे सुरू करा, काही बिघडत नाही. पारसिक हिलचा चढ येऊरसारखाच, नंतरसाठी ठेवा. पाम बीच रोडवर गाड्या फार वेगात असतात. पहाटेच्या अंधारात मुख्य रस्त्यावर नवख्याने उतरू नये.

रस्त्यावर पळायचंच असेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने पळा. मागून येणारी गाडी दिसत नाही, समोरची दिसते. फिकट किंवा चमकणाऱ्या पट्टीचे कपडे घाला आणि किमान एक कान उघडा ठेवा. जमीन निवडता येत असेल तर मातीचा ट्रॅक किंवा डांबर घ्या. उखडलेले पेव्हर ब्लॉक सगळ्यात वाईट, घोटा मुरगळतो तो तिथेच.

पहाटे की संध्याकाळी?

जी वेळ आठवड्यातून तीनदा खात्रीने मिळेल ती. पण आपल्याकडे हवामानाचंही म्हणणं असतं. किनाऱ्यालगतच्या हवेत बाष्प एवढं असतं की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. म्हणून ३० अंशांनाही इथे जीव मेटाकुटीला येतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये साडेसहाच्या आत पळून झालेलं बरं. मेअखेरीस सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, त्यामुळे साडेपाचलाही पुरेसं उजाडलेलं असतं. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो. तेव्हा अंधारात निघायचं नसेल तर वेळ मागे ढकला.

उकाड्यात वेग आणखी कमी होणारच. तो आकडा बघून खट्टू होऊ नका. डोकं गरगरणं, अंगावर काटा येणं, मळमळ, पावलं अडखळणं ही उष्माघाताकडे जाणारी लक्षणं आहेत. सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता. बोलण्यात गोंधळ वाटला तर सोबतच्यांनी लगेच १०८ ला फोन करायचा आणि मदत येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहायचं.

सुरुवात कधी करावी हे तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरा. बारा आठवडे जानेवारीअखेर संपतात आणि वर्षातली सगळ्यात चांगली हवा मिळते.

पळताना पाणी प्यायचं का?

निघण्याआधी अर्धा तास एक पेला, आल्यावर तहानेप्रमाणे. पाऊण तासासाठी बरोबर बाटली लागतेच असं नाही, उन्हाळ्यात मात्र ठेवा. घाम सुकल्यावर टी-शर्टवर पांढरे डाग उमटत असतील तर तुमच्या घामातून मीठ बरंच जातं. आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक घ्या. फारच गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे घरचं ओआरएस. मीठ अंदाजाने टाकू नका. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेलं असेल तर हे नेहमीचं पेय करू नये.

पावसाळ्यात बंद ठेवावं का?

मुळीच नाही. हवा थंड असते, धूळ खाली बसलेली असते. फक्त जमीन बघून पळा. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली झाली की काचेसारखी निसरडी होतात. साचलेल्या पाण्यातून पळायचं नाही: खाली उघडं मॅनहोल आहे की खड्डा ते दिसत नाही, आणि त्या पाण्यातून लेप्टोची लागण होते. पायाला जखम असून अशा पाण्यातून जावं लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, प्रतिबंधक गोळी द्यायची का ते ठरवतात. विजा कडाडत असतील तर घरीच थांबा.

शूज ओले झाले की आतला तळवा बाहेर काढा, लेस सैल करा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा. दोन तासांनी कागद ओलाकच्च झाला की बदला. मग पंख्याखाली रात्रभर. गीझरवर, इस्त्रीखाली किंवा कडक उन्हात वाळवलं की डिंक सुटतो. पावसाळ्यात जमल्यास जुनी जोडीही वापरात ठेवा, आलटून पालटून घालता येते. पळून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर चिखल्या होतात.

कुत्री मागे लागतात. काय करावं?

पळणं थांबवा आणि चाला. धावणाऱ्या गोष्टीच्या मागे धावणं हा त्यांचा स्वभाव आहे. डोळ्याला डोळा भिडवू नका, पाठ दाखवून पळू नका, दगड उचलू नका. सावकाश बाजूने निघून जा आणि वीस-पंचवीस पावलांनंतर पुन्हा पळा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. ओरखडा असला तरीही.

हवा खराब असते त्या दिवसांचं काय?

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुरकं जमिनीलगत साचून राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा. २०० च्या पुढे म्हणजे 'खराब'. त्या दिवशी बाहेर पळू नका, घरात व्यायाम करा. दमा असणाऱ्यांनी १०० च्या पुढेच सावध व्हावं आणि पंप खिशात ठेवावा. बांधकामं चालू असलेला रस्ता किंवा कचरा जाळतात तो कोपरा टाळला तरी बराच फरक पडतो.

पळण्याआधी काय खावं?

पहाटे अर्ध्या-पाऊण तासासाठी रिकाम्या पोटी गेलं तरी चालतं. (मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना हे लागू नाही.) पोटात खड्डा पडल्यासारखं होत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरेत. चहा चालेल, पण कळ येण्याआधी शौचाला जाऊन घ्या. संध्याकाळी पळणाऱ्यांनी जेवणानंतर तीन तास जाऊ द्यावेत, नाश्त्यानंतर दीड तास. आल्यावर तासाभरात शेंगदाणे घातलेले पोहे, अंडी-पोळी, मुगाचं धिरडं किंवा दही-भात. प्रोटीन पावडरची गरज नाही. निर्जळी उपवासाच्या दिवशी पळू नका.

नडगी दुखते. थांबू की चालू ठेवू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून नीट बघू.

अंगठ्याने नडगीच्या हाडाची आतली कड वरून खाली चाचपा. वीतभर लांबीत सगळीकडे ठणकत असेल, पळताना सुरुवातीला दुखून नंतर कमी होत असेल, तर ते नव्या धावकांचं नेहमीचं नडगीचं दुखणं. वेळ किंवा वेग घाईने वाढवला, शूज बसले किंवा एकदम काँक्रीटवर पळायला लागलो की हे होतं. पाच-सात दिवस पळणं बंद, चालणं चालू. कपड्यात गुंडाळून बर्फ पंधरा मिनिटं. मग दोन आठवडे मागे येऊन सुरुवात.

पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी दाबल्यावर जीव जात असेल, चालतानाही किंवा रात्री झोपेतही ठणका असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पळणं पूर्ण बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. असा तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं तसंच असेल तर परत दाखवा.

गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसून उठताना जास्त: यात बहुतेकदा मांडीचे आणि नितंबांचे स्नायू कमकुवत असतात. वेळ कमी करा, पावलं आखूड करा आणि खालचे व्यायाम मनापासून करा. पळण्याने निरोगी गुडघे झिजतात हा समज चुकीचा आहे. मात्र गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच निसटल्यासारखा झाला तर दाखवून घ्या.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत काटा रुतल्यासारखं होतं आणि चार पावलांनी कमी होतं: हा तळव्याच्या पट्ट्याचा त्रास. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल वापरा. पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून तीस सेकंद धरा, तीन वेळा. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. बरं व्हायला आठवडे लागतात, धीर धरा.

दोन्ही मांड्या-पोटऱ्या सारख्याच जडावल्या असतील तर ती नुसती अंगदुखी, दोन दिवसांत जाते. दुखणं एकाच बाजूला असेल, पावलागणिक वाढत असेल किंवा लंगडायला होत असेल, तर त्या दिवसाचं पळणं तिथेच संपलं. वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही.

बरगडीखाली कळ येते.

वेग कमी करा, कळ येते त्या जागी हाताने दाबा, पोटातून लांब श्वास सोडा. मिनिटभरात जाते. वारंवार येत असेल तर पळण्याआधीचं खाणं किंवा घटाघटा पाणी पिणं कमी करा.

घरी कोणते व्यायाम करावेत?

चारच, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांत होतात. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं: सावकाश वर, तीन आकडे मोजत खाली, १२ वेळा, दोन फेऱ्या. महिन्याने हेच एका पायावर. खुर्चीवर टेकून उठणं, हात न वापरता, १२ वेळा, दोन फेऱ्या. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, १५ वेळा. आणि भिंतीला पाठ लावून, पावलं वीतभर पुढे ठेवून, टाचा जमिनीवर टेकलेल्या असताना चवडे वर उचलणं, १५ वेळा. हा शेवटचा नडगीसाठी, आणि तोच सगळे विसरतात.

थंड शरीराने वाकून ताणणं मात्र पळण्याआधी नको. आधी पाच मिनिटं चालणं, भिंतीचा आधार घेऊन दोन्ही पाय दहा-दहा वेळा पुढेमागे हलवणं, घोटे गोल फिरवणं, बस. ताणायचं ते आल्यावर.

पळून वजन किती कमी होईल?

ढोबळ हिशोब असा: वजनाचे किलो गुणिले अंतराचे किलोमीटर, एवढ्या कॅलरी. ७० किलोचा माणूस चार किलोमीटर पळाला तर सुमारे २८०. म्हणजे साधारण एक वडापाव. आठवड्यातून तीन दिवस पळून, खाणं तसंच ठेवून, काटा फारसा हलत नाही. उलट पळायला लागल्यावर भूक वाढते. वजन ताटात कमी होतं. पळण्याने झोप, रक्तदाब, साखर आणि जिना चढतानाचा दम सुधारतो, आणि तेवढ्यासाठीही पळावं.

पाळीच्या दिवसांत पळावं का?

बरं वाटत असेल तर हो, पळण्याने काही अपाय नाही. पोट फार दुखत असेल तर चाला. रक्तस्राव नेहमीच जास्त असेल आणि पळताना लवकर थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. गरोदर असाल तर हा कार्यक्रम नव्याने सुरू करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणं ठेवा. बाळंतपणानंतरही त्यांचा होकार मिळाल्यावरच.

ट्रेडमिल चालेल का?

चालेल. मिनिटं तीच, दांडी न धरता. पावसाच्या किंवा धुरक्याच्या दिवसांसाठी चांगली सोय आहे. पूर्ण तयारी ट्रेडमिलवर केली असेल तर रस्त्यावर आल्यावर दोन आठवडे मागून सुरू करा.

स्मार्टवॉच घ्यावं का?

आत्ता नको. मनगटावरची नाडी पळताना बऱ्याचदा चुकते, कधी कधी घड्याळ पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं. ते पैसे शूजवर घाला.

तीस मिनिटं सलग पळालो! पण अंतर पाच किलोमीटर झालंच नाही.

होणारही नव्हतं. या वेगाने तीस मिनिटांत सव्वातीन ते पावणेचार किलोमीटर होतात. दोन-तीन आठवडे तीन दिवस तीस मिनिटांवरच राहा, पाय स्थिरावू द्या. मग फक्त रविवारचं पळणं आठवड्याला तीन मिनिटांनी वाढवा: ३३, ३६, ३९, ४२. असे चार आठवडे झाले की एक आठवडा परत ३० वर या. पाच किलोमीटर याच ओघात पूर्ण होतील, बहुतेकांना चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात.

शर्यतीची हौस असेल तर पाच किलोमीटरचीच निवडा. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन पावसाळ्यात असते आणि त्यात लहान अंतराच्या शर्यतीही असतात. २००४ पासून होत असलेल्या जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हौशी लोकांसाठी छोटी दौडही असते. नोंदणी बरीच आधी भरते, लक्ष ठेवा. २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन किमान वर्षभर नियमित पळाल्याशिवाय घेऊ नका, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी.

शर्यतीच्या दिवशी नवे शूज, नवे मोजे, नवा टी-शर्ट काहीही घालायचं नाही. बिब (तुमचा शर्यतीचा नंबर छापलेला कागद) आदल्या रात्रीच चार पिनांनी टी-शर्टला लावून ठेवा. सुरुवातीला गर्दी उसळते, तिच्याबरोबर वाहत जाऊ नका. रांगेत मागच्या बाजूला उभे राहा आणि पहिल्या किलोमीटरला दूध-कोथिंबिरीचं वाक्य पुन्हा म्हणून बघा.